फरशी पायाने बघावी

टाइल्सच्या दुकानात चपला काढायला लावत नाहीत, आणि सगळ्या फसवणुकीची सुरुवात तिथेच होते. देवळात चपला काढाव्या लागतात, काही डॉक्टरांच्या खोलीबाहेर काढाव्या लागतात, सराफाच्या पांढऱ्या गादीवर बसायचं तर काढाव्याच लागतात. पण ज्या दुकानातली वस्तू आपण पुढची तीस वर्षं अनवाणी पायांनी तुडवणार, तिथे मात्र ‘या साहेब, असेच आत या, राहू द्या’ असं म्हणून बुटांसकट स्वागत होतं.

आत गेलं की काय दिसतं? भिंतीला उभ्या केलेल्या फरशा. जिने जन्मभर आडवं पडायचं ती इथे आपल्यासमोर ताठ उभी असते. कोरडी ठणठणीत असते. छतात बारा दिवे असतात आणि बाराही तिच्या तोंडावर असतात. हीच फरशी आपल्या घरी कशी राहणार? आडवी, ओली, साबणाच्या फेसात, आणि पहाटे पाच वाजता झिरोच्या दिव्यात. लग्नाच्या मुलाने उसना कोट घालून स्टुडिओत काढलेला फोटो आणि तोच मुलगा रविवारी सकाळी बनियनवर पेपर वाचताना, यांत जेवढं अंतर तेवढंच दुकानातल्या आणि घरातल्या फरशीत असतं. फोटोवरून लग्न ठरवणाऱ्यांना आपण हसतो आणि फरशी मात्र खुशाल फोटोवरून ठरवतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फरशी पायाने बघावी, सिंक हाताने बघावं, आणि ज्यांचे ते पाय नि ज्यांचे ते हात, त्यांना दुकानात बरोबर घेऊन जावं. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. त्याच्या दोन पावत्या माझ्याकडे आहेत. एकीवर टाइल्सच्या दुकानाचा शिक्का आहे आणि दुसरीवर हाडांच्या डॉक्टरांचा.

मी बँकेत क्लार्क आहे. अलीकडे आम्हाला ‘असोसिएट’ म्हणायला लागले आहेत. खुर्ची तीच, ड्रॉवर तोच आणि तो अडकतोही तसाच. तेव्हा नाव बदललं की वस्तू बदलत नाही, हे मला टाइल्सच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच कळायला हवं होतं. पण माणूस ऑफिसातलं शहाणपण ऑफिसातच ठेवून येतो. घरी येताना फक्त डबा आणतो.

आमचं घर डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. बाबांनी १९८४ साली घेतलं, तेव्हा लिफ्ट ही मुंबईच्या माणसांनी करायची चैन होती. हॉलमध्ये दहा बाय दहा इंचांची मोझॅकची फरशी, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून मशीनने घासलेली. स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा. न्हाणीघरात शहाबादी, खरबरीत, घासून पॉलिश न केलेली. शहाबाद कर्नाटकात गुलबर्ग्याजवळ, कडप्पा आंध्रात, आणि दारातल्या पायऱ्यांना राजस्थानातला कोटा. म्हणजे साडेपाचशे फुटांत बाबांनी राष्ट्रीय एकात्मता साधली होती आणि त्यासाठी कुणाकडे पदक मागितलं नव्हतं.

त्या मोझॅकवर मी लहानाचा मोठा झालो. देवघरासमोरच्या एका फरशीतल्या चिपांत बाबांना गणपती दिसायचा. मला मात्र तिथे कायम बसची रांग दिसली. आता मला वाटतं की ज्याला जे हवं ते दिसत असणार. असो.

तर एके दिवशी खालच्या मजल्यावरचे काका आले आणि त्यांनी मोबाइलवर मला त्यांच्या छताचा फोटो दाखवला. छताला ओल आली होती. ओल आमच्या न्हाणीघराची होती. प्लंबर म्हणाला, पाइप बदलायचा तर शहाबादी काढावी लागेल. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. खर्च पंधरा-वीस हजारांचा. मग कंत्राटदार आला आणि त्याने तो शब्द उच्चारला.

‘एवीतेवी.’

मराठी भाषेत याहून महाग शब्द नाही. एवीतेवी बाथरूमची फरशी काढतोच आहोत, तर भिंतीच्या टाइल्सही काढू. एवीतेवी बाथरूम होतंय, तर किचनचा ओटा करून घ्या. एवीतेवी ओटा निघतोय, तर सिंक नवं बसवा. एवीतेवी सगळीकडे धूळ होणारच आहे, तर हॉलनं काय पाप केलंय? पंधरा हजारांचं काम एवीतेवी करत करत सव्वाचार लाखांवर गेलं आणि मी माझ्याच बँकेत, माझ्याच शेजारच्या टेबलावर, कर्जाचा फॉर्म भरायला बसलो. शेजारच्या सहकाऱ्याने मला फॉर्म देताना नेहमीचा प्रश्न विचारला, ‘जामीनदार कोण?’ हा प्रश्न पुढे लक्षात ठेवा.

मग आलं टाइल्सचं दुकान. मी आणि आमची सौ. दोघंच गेलो. आईला म्हटलं, तू कशाला तीन मजले उतरतेस, आम्ही फोटो आणतो. वय वर्षं शहात्तर, गुडघे दुखतात. मी मुलगा म्हणून किती विचार करतो, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

दुकानातला मुलगा तरतरीत होता. त्याने आम्हाला एक शुभ्र, राखाडी शिरांची टाइल दाखवली.

‘ही बघा सर, कलाकाटा.’

‘कलकत्ता?’

‘कलाकाटा, सर. इटालियन मार्बल.’

‘मार्बल आहे?’

‘नाही, व्हिट्रिफाइड आहे. डिझाइन इटालियन.’

‘इटलीहून येते?’

‘मोरबीहून.’

मोरबीबद्दल माझं काही वाईट मत नाही. गुजरातेतलं ते एक गाव देशातल्या केवढ्या तरी घरांना फरशी पुरवतं आणि माल चांगला असतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, अर्धा टक्काही नाही. हळदीचा डाग पडत नाही, लिंबू सांडलं तर कडाप्प्यासारखा पांढरा चट्टा उठत नाही, कारण कडाप्पा पडला चुनखडीचा, त्याला आंबट सोसत नाही. हे सगळं मान्य. माझं भांडण मोरबीशी नाही. माझं भांडण आहे ते मोरबीत जन्मलेल्या मुलीचं नाव इटालियन ठेवून तिला भिंतीला उभं करणाऱ्यांशी, आणि त्या नावाला भुलून माना डोलावणाऱ्या माझ्यासारख्यांशी.

मग त्याने आणखी एक टाइल काढली. करड्या रंगावर पांढरे, तांबूस, काळे ठिपके. ‘ही आता खूप चालते, सर. टेराझो लूक.’ मी चष्मा वर केला, खाली केला. ते आमचं मोझॅक होतं! खरं मोझॅक नव्हे, त्याचा फोटो. हल्ली टाइलवर यंत्राने चित्र छापतात, आपण कागदावर छापतो तसं. त्या क्षणी, घड्याळ लावून सांगतो, डोंबिवलीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोन माणसं ब्रेकर घेऊन खरं मोझॅक फोडत होती, आणि मी इथे उभा राहून त्याच मोझॅकच्या फोटोचा भाव विचारत होतो. पणजीचे खरे मोती विकून मोत्याच्या माळेचं कॅलेंडर विकत घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल तर एकदा आमच्याकडे चहाला या.

सौ. म्हणाली, ‘चला घरी. फोडणं थांबवायला सांगा.’ मी फोन केला. कंत्राटदार म्हणाला, ‘साहेब, आता देवघरापाशी पोचलोय.’ मी म्हटलं, ‘मग राहू दे.’ गणपती आणि बसची रांग एकदमच राडारोड्याच्या गोणीत गेली.

आता हिशोब. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. माझं तिथे तरी चालायला हवं. दुकानात दोन बाय दोनची टाइल चार चौरस फुटांच्या भावाने मिळते. प्रत्यक्षात ती असते ६०० मिलिमीटर, म्हणजे पावणेचोवीस इंचांनाही किंचित कमी. तिचं क्षेत्रफळ ३.८७५ चौरस फूट. चार टाइल्सची पेटी सोळा फुटांची म्हणून विकतात, ती भरते साडेपंधरा. तीन टक्क्यांहून जास्त फरक! आमच्या बँकेत पाव टक्का व्याजासाठी म्हातारी माणसं उन्हातान्हात पासबुक घेऊन दुसऱ्या बँकेत जातात. इथे पाचशे फुटांमागे साडेपंधरा फूट हवेत जातात आणि कुणी हूं म्हणत नाही. मी मात्र म्हटलं. दुकानदाराने शांतपणे उत्तर दिलं, ‘साहेब, सगळीकडे असंच असतं,’ आणि साठ रुपयांच्या भावाने हरवलेल्या नऊशे सदतीस रुपयांबद्दल मला एक चहा पाजला. तो मी प्यालो आणि आपण फार चोख व्यवहार केला अशा समजुतीत राहिलो. तीन टक्क्यांवर डोळा ठेवणाऱ्याचा शंभर टक्क्यांवरचा डोळा असा उडतो.

कारण खरा प्रश्न सौ.ने विचारला होता. न्हाणीघरासाठी मी जी चकचकीत टाइल पसंत केली होती, तिच्यावर बोट ठेवून तिने विचारलं, ‘ही घसरणार नाही ना?’

‘मॅडम, सगळ्यांकडे हीच जाते.’

या उत्तरात ‘नाही’ कुठे आहे ते शोधा. मला तेव्हा सापडलं नाही आणि मी शोधलंही नाही. ‘मॅट फिनिश आहे,’ तो पुढे म्हणाला, ‘पण त्यावर मळ बसतो, आणि लूक येत नाही.’ मळ बसतो म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस खलास! आम्ही चकचकीत घेतली.

नंतर मला कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगतो. फरशी किती घसरते हे मोजता येतं. जर्मन लोकांनी त्याची रीतसर पद्धत बसवली आहे. एका फळीवर टाइल्स लावतात, तिच्यावर तेल ओततात, एका माणसाला ठरावीक बूट घालून तिच्यावर पुढे-मागे चालायला लावतात आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. तो घसरला की कोन मोजायचा. त्यावरून टाइलला आर ९ पासून आर १३ पर्यंत आकडा मिळतो. आर ९ म्हणजे सहा ते दहा अंशांतच माणूस गेला, आर ११ म्हणजे एकोणीस अंशांपर्यंत तरी टिकला. न्हाणीघरासाठी वेगळी परीक्षा आहे. त्यात माणूस अनवाणी आणि तेलाऐवजी साबणाचं पाणी. तिथे ए, बी, सी असे वर्ग, सी सगळ्यांत भरवशाचा. त्या जर्मन माणसाला सुरक्षेचा पट्टा बांधलेला असतो. आपल्या आयांना फक्त नळ असतो.

हा आकडा चांगल्या टाइलच्या माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरांत सापडतो. आमच्या बँकेत व्याजाचे दर भिंतीवर लावावे लागतात, लोकांना दिसतील असे. टाइलच्या तोंडावर मात्र ‘कलाकाटा’ मोठ्या अक्षरांत आणि घसरण कुठल्यातरी पानाच्या तळाशी. शिवाय न्हाणीघराला लहान फरशी बरी, हेही कुणी सांगत नाही. लहान फरशीला सांधे जास्त, पायाला पकड मिळते, आणि पाण्याला न्हाणी ट्रॅपकडे नीट ढाळ देता येतो. दोन बाय चार फुटांच्या लादीला चारी बाजूंनी ढाळ देता देता गवंडी टेकीला येतो. मग पाणी मधेच तळं करून बसतं. आमच्याकडे तेच झालं. शहाबादीवरचं पाणी चाळीस वर्षं निमूट आपल्या वाटेने गेलं होतं.

सिंकच्या बाबतीत मात्र आमच्या घरात न्याय झाला. त्याचं सगळं श्रेय आमच्याकडे वीस वर्षं भांडी घासणाऱ्या मावशींना.

दुकानात मला एक काळंभोर सिंक आवडलं होतं. क्वार्ट्झची भुकटी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि बाकी राळ, असं ते दगडाचं ओतीव सिंक. मला ते फार आवडलं, कारण ते मला परवडत नव्हतं. घरी येऊन मी त्याचा फोटो सर्वांना दाखवला. मावशी पदराला हात पुसत आल्या, फोटो बघितला आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले.

‘ह्यात आपली मोठी कढई आडवी बसंल का?’

मी माप बघितलं. बसत नव्हती.

‘खोल किती? लई खोल असलं तर वाकून वाकून माझी कंबर जाईल.’

दहा इंच होतं.

‘आन् काळं कशाला? काळ्यात उष्टं दिसतंय का कुठं? चौथ्या माळ्यावर हाय काळं. बोअरच्या पाण्याचं पांढरं डाग पडतात त्याच्यावर, आन् मग बाई नीट घासत न्हाई म्हणून बोलणी कोण खातं? दादा, तुम्ही बसवा काळं. पन मग भांड्याला दुसरी बाई बघा.’

घरात शांतता पसरली. सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तिचं वर्णन वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशींना रिक्षात बसवून दुकानात नेलं. त्यांनी पंधरा मिनिटांत चोवीस बाय अठराचं, नऊ इंच खोल, साधं स्टीलचं सिंक निवडलं. आत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून बघितले, कोपरे गोल आहेत ना ते बोटाने तपासलं, तळ ठोकून आवाज ऐकला.

स्टीलचं सामान्यज्ञानही सांगून टाकतो. ३०४ नंबरचं स्टील घ्यावं. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. २०२ नंबरमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. ते स्वस्त पडतं आणि लवकर गंजतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.’ त्यावर जाऊ नका, २०२ लाही ते सहसा चिकटत नाही. आणि गेज उलटं असतं: अठरा गेजचा पत्रा वीस गेजपेक्षा जाड. आकडा मोठा म्हणजे माल मोठा, असं आयुष्यभर शिकलेल्या माझ्यासारख्याची तिथे दांडी गुल होते. मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ठोकून जे घेतलं, ते ३०४ आणि अठरा गेजच निघालं.

सिंक आज झकास आहे. घरातली एकमेव निर्दोष वस्तू.

आता दुसरी पावती.

नवं न्हाणीघर झालं आणि मी पाहिलं की आई आत जाताना भिंतीला हात लावून चालते. मी मनात म्हटलं, आई थकली आता. मग ती आंघोळीच्या आधी एक जुना टॉवेल खाली अंथरायला लागली. निळा, मधोमध विरलेला. एवढ्या देखण्या फरशीवर ते फडकं बघून माझ्या जिवाला यातना व्हायच्या. मी तो टॉवेल एकदा उचलून दोरीवर टाकला. दुसऱ्यांदा उचलून माळ्यावर टाकला आणि वर तिला म्हणालो, ‘अगं, कुणी आलं तर काय म्हणेल?’ ती काही बोलली नाही.

पितृपंधरवडा चालू होता. पहाटे पाचचा सुमार. मोठ्ठा आवाज वगैरे काही झाला नाही. बादलीचा झाला, तिचा नाही. मी धावलो तेव्हा ती बसलेली होती आणि उजवा हात डाव्या हातात धरला होता. पहिलं वाक्य काय बोलली असेल?

‘फरशी फुटली नाही ना रे?’

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. मनगट. सहा आठवडे प्लास्टर. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, ‘बाथरूम नवीन केलंत का?’ डॉक्टरांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं. त्यांनी फक्त हाड पाहिलं होतं.

त्या सहा आठवड्यांत मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला, कारण आईची वेणी घालायला सौ. आणि भाजी निवडायला मी, अशी वाटणी झाली होती. मेथी निवडताना माणूस खोल विचार करतो. सिंकचं बरोबर झालं आणि फरशीचं चुकलं, असं का? मावशींना अक्कल जास्त आणि आईला कमी, असं तर नाही. आईला पहिल्या दिवसापासून कळत होतं, टॉवेल उगाच नव्हता. फरक एवढाच, की मावशींना काम सोडून जाता येतं. आई कुठे जाणार? म्हणून मावशींना रिक्षा करून दुकानात नेलं, आणि आईला फोटो दाखवला.

बँकेत आम्ही कुणाला कर्ज देताना शंभर वेळा विचारतो, जोखीम कोणाची, सही कोणाची? जोखीम एकाची आणि सही दुसऱ्याची असला कागद आम्ही साहेबांच्या टेबलावर पाठवत नाही. माझ्या घरातली प्रत्येक टाइल असल्याच कागदावर मंजूर झाली होती. सही माझी. जामीनदार आई. आणि जामीनदाराला कोणी विचारलंच नव्हतं.

आता मला माहीत आहे, तुम्ही काय म्हणाल. शहाबादीवर शेवाळ धरतं, ती काय घसरत नाही? धरतं. महिन्यातून दोनदा खराट्याने घासली की जातं. मॅटवर मळ बसतो? बसतो. तो ब्रशने निघतो. मोडलेलं मनगट ब्रशने निघत नाही. रबरी चटई टाकावी? टाका ना. शंभर रुपये फुटाची फरशी घ्या आणि तिच्यावर दोनशे रुपयांची चटई टाकून झाका. मग मी टॉवेल का उचलला, याचं उत्तर तेवढं मला द्या. आणि हॉलमध्ये, कोरड्या जागी, कोणाला चकाकी हवी असेल तर खुशाल घ्या. तिथे फार तर पैसे जातात. पाणी जिथे पडतं, तिथे मात्र डोळ्यांचं ऐकू नका.

कुणी आलं तर काय म्हणेल! या एका वाक्यावर आपल्या मध्यमवर्गाची निम्मी घरं उभी आहेत. मी हिशोब केला. गेल्या वर्षी आमच्या न्हाणीघराचं दर्शन घेतलेले पाहुणे अकरा. त्यांतल्या दोघांनी फक्त हात धुतले. आई दिवसातून सहा वेळा जाते, म्हणजे वर्षाला दोन हजार एकशे नव्वद. अकरा जणांच्या वाहवेसाठी दोन हजार एकशे नव्वद वेळा एका बाईला जीव मुठीत धरून चालायला लावायचं, आणि त्याला म्हणायचं घराचं नूतनीकरण! आम्ही हॉटेलं बांधतो आहोत, स्वतःच्या घरात, आणि त्यात आपलीच माणसं पाहुण्यासारखी बिचकत राहतात.

प्लास्टर असतानाच मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी आईला घेऊन. खुर्चीत बसवून मी आणि मुलाने तिला तीन मजले खाली आणलं, कारण ‘तिला कशाला त्रास’ या वाक्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं. दारात मी माझ्या चपला काढल्या, मग वाकून तिच्या काढल्या. दुकानातला मुलगा घाईने म्हणाला, ‘राहू द्या सर, असेच या.’ मी म्हटलं, ‘नाही. आणि न्हाणीघराच्या टाइल्स खाली मांड. आडव्या. एक तांब्याभर पाणी आण, आणि साबण असेल तर साबणाचं आण.’

दुकानात दोन जोडपी होती, ती बघायला लागली. मालक गल्ल्यावरून उठले. बिचारा मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला. पाच टाइल्स जमिनीवर मांडल्या, ओल्या केल्या. आईचा डावा हात मी धरला, मालकांनी आपण होऊन तिच्या पाठीशी खुर्ची धरली. ती एकेका टाइलवर पाय ठेवत गेली, अंगठ्याने जरा दाबून, बाजारात आंबा बघतात तसं. पहिली, ‘नको.’ दुसरी, ‘अगं बाई, नको.’ तिसरी बरी. चौथीवर ती दोन्ही पायांनी उभी राहिली. एक बाय एक फुटाची, राखाडी, खरबरीत, दुकानातली जवळजवळ सगळ्यांत स्वस्त.

माहितीपत्रक मागवून मी बारीक अक्षरं वाचली. आर ११.

तेवढ्यात मागच्या जोडप्यातल्या बाईंनीही हळूच चप्पल काढली होती आणि त्या दुसऱ्या टाइलवर पाय ठेवून बघत होत्या. मालकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

‘हीच घे रे,’ आई म्हणाली. ‘आपल्या शहाबादीसारखी वाटते पायाला.’

दुकानातला मुलगा उत्साहाने पुढे झाला. ‘बरोबर ओळखलंत, आजी! शहाबादी लूकच आहे. मोरबीचा.’